चिनी क्रौंचाचं फॉरवर्ड: खरं किती, भर किती?

‘चीनमधला क्रौंच हजार वर्षं जगतो, पाइनच्या झाडावर राहतो. तो सम्राटाचं चिन्ह आहे. हजार कागदी क्रौंच घडवणं ही प्राचीन चिनी प्रथा. घरात त्याचं चित्र लावा, शुभच होईल!’ अशा अर्थाचा मजकूर, बहुधा चित्राच्या किमतीसकट, फोनवर येत असतो.

क्रौंच आणि दीर्घायुष्य हे नातं चिनी परंपरेत खरंच जुनं आहे. पण हजार वर्षं ही दाओ या चिनी धर्मपंथातल्या अमर सिद्धांच्या कथांमधली. प्रत्यक्षात हा लाल माथ्याचा पक्षी काही दशकंच जगतो.

पाइनची गोष्ट मजेशीर आहे. क्रौंचाचं मागचं बोट आखूड आणि वर चढलेलं असतं, त्यामुळे त्याला फांदी पकडता येत नाही. ईशान्य चीनच्या हेलोंगजियांग प्रांतातल्या झालोंगच्या दलदलीत तो बोरूच्या गवतात, जमिनीलगत घरटं करतो. आपल्या गोंदियाच्या भातखाचरांतला सारस त्याचाच भाऊबंद. त्याला कुणी झाडावर बसलेला पाहिलाय? पाइन सदाहरित, क्रौंच दीर्घायुषी, म्हणून चित्रकारांनी दोघांना एकत्र आणलं. ती शुभेच्छा आहे, पक्षिनिरीक्षण नव्हे.

सम्राटाचं चिन्ह ड्रॅगन. मिंग आणि चिंग राजघराण्यांच्या काळात क्रौंच असायचा तो पहिल्या श्रेणीच्या मुलकी अधिकाऱ्याच्या झग्यावर, छातीवरच्या चौकोनी पट्टीत. सेनाधिकाऱ्यांच्या पट्टीवर पशू असत.

आता ‘शुभच होईल’. 1112 साली कायफंग या राजधानीतल्या राजवाड्याच्या दरवाजावर क्रौंच घिरट्या घालू लागले. सोंग सम्राट हुइझोंगने तो दैवी कौल मानून रेशमावर त्याचं चित्र केलं. चित्र अप्रतिम आहे, आज ल्याओनिंगच्या संग्रहालयात आहे. पण 1127 मध्ये उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांच्या सैन्याने कायफंग घेतलं आणि सम्राट कैदेतच मेला. त्याआधीचा, इ.स.पू. 660 मधला वेई राज्याचा अधिपती यी तर क्रौंचांना सरदारांच्या रथांतून फिरवायचा. शत्रू आला तेव्हा सैनिक म्हणाले, मानमरातब क्रौंचांना दिलात, लढायलाही त्यांनाच पाठवा. यी मारला गेला. शिवाय कुणी वृद्ध वारलं की ‘क्रौंचावर बसून पश्चिमेला गेले’ असंही चिनी माणसं म्हणतात, हे विक्रेते सांगत नाहीत.

हजार कागदी क्रौंच मात्र मूळचे जपानचे. ते जगभर पोचले आजारपणात असे क्रौंच घडवणाऱ्या हिरोशिमाच्या सादाको सासाकी या मुलीमुळे. अणुबॉम्बनंतर दहा वर्षांनी, 1955 साली ती ल्युकेमियाने गेली. चिनी मुलंही आज असे क्रौंच घडवतात, पण ती अलीकडची आवड.