कुलूप बदलण्याचा फुकटचा सल्ला

‘भाडेकरार तुमच्या नावावर असेल, तर त्रास देणाऱ्या रूममेटला व्हॉट्सॲपवर चोवीस तासांची मुदत द्या, मग कुलूप बदला व सामान जिन्यात ठेवा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 24 तुमच्या पाठीशी आहे,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो वाचून बेळगावच्या टिळकवाडीत तिघांत मिळून घर घेतलेल्या माझ्या भाच्याने थेट कुलूपवाल्याची चौकशी सुरू केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या निकालाबद्दल आपली इच्छा काहीही असो, आज बेळगावातल्या घराला महाराष्ट्राचा भाडे कायदा लागू नाही. शिवाय मजकूर लिहिणाऱ्याने हे कलम उघडूनही पाहिलेले दिसत नाही, कारण त्याखाली पुण्यातल्या घरमालकालाही सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करूनच ताबा मिळवावा लागतो.

खरा घात कुलपात आहे. 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 6 नुसार, ज्याला संमतीविना आणि कायद्याचा मार्ग सोडून स्थावर मालमत्तेच्या ताब्यातून काढले, तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. समोरच्याने मालकी हक्क पुढे केला तरी तो दावा अडत नाही आणि त्या निकालावर अपीलही नाही. जिथे मालकाच्या खरेदीखताचा उपयोग होत नाही, तिथे भाच्याच्या नावावरचा भाडेकरार काय कामाचा? दर महिन्याला भाड्याचा वाटा भरून स्वतःच्या खोलीत राहणारा मुलगा असा दावा लावू शकतो. जिन्यातल्या बॅगेतून लॅपटॉप गेल्याची तक्रार त्याने केली, तर तिचे उत्तरही भाच्यालाच द्यावे लागेल.

‘करारात नाव नाही, त्याला हक्क नाही’ हे मात्र सर्वस्वी खोटे नाही. चार दिवसांचा पाहुणा ताबेदार होत नाही, आणि केवळ मेहेरबानीने फुकट राहू दिलेल्याला वर्षे लोटली म्हणून हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली मारिया मार्गारिडा खटल्यात सांगितले आहे. पण तेथेही वाद न्यायालयातच मिटला. चोवीस तासांच्या मुदतीबद्दल एवढेच की, महिनेवारी भाडेकरूलाही सामान्यतः पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. मारहाण वा धमकी झाली असेल, तर पोलिसांत तक्रार जरूर द्यावी. घर कोणी सोडायचे, हे मात्र ठाणे ठरवत नाही.

भाच्याने कुलूपवाल्याआधी स्वतःचा करार वाचावा, कारण त्यात पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई असेल आणि घरमालकाची लेखी परवानगी नसेल, तर बाहेर काढण्याची पहिली नोटीस त्याच्याच नावाने निघू शकते.