कुत्रं बरं आहे ना?

आमच्या गावात माणसाला झालंय काय, यावर फार वेळ कुणी घालवत नाही. त्याला न्यायचं कुठं, यावर मात्र पानठेल्यावर तासन्‌तास चर्चा रंगते. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, त्यामुळे पर्यायांना तोटा नाही. काही घरं पिढीजात सेवाग्रामवाली आहेत. वर्धा जिल्ह्यातलं तिथलं मेडिकल कॉलेज १९६९ सालचं. आज्यापासून नातवापर्यंत सगळ्यांच्या फायली तिथल्याच. काही कट्टर सावंगीवाले, तेही मेडिकल कॉलेज वर्ध्याचंच. यवतमाळच्या सरकारी मेडिकलला मानणारा एक गट आहे, आणि ज्यांचा जावई नागपूरला राहतो ते पायात काटा रुतला तरी नागपूरचंच नाव घेतात. यात पक्षांतर होत नाही. आजार बदलतो, दवाखाना बदलत नाही. आणि खरोखर छातीत कळ आली, हाताला मुंग्या आल्या, दरदरून घाम फुटला, तर मात्र हीच मंडळी "ग्यास असन" म्हणून सोडा पाजतात आणि सकाळची वाट पाहतात.

सरकारनं तसा व्यवस्थित जिना बांधून ठेवला आहे. साधारण ५,००० वस्तीला उपकेंद्र, ३०,००० वस्तीला प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,०००. त्याच्या वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा, मग जिल्हा. आम्ही एकतर अंगणातच बसून राहतो, नाहीतर पायऱ्या सोडून थेट गच्चीवर उडी मारतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत पानठेल्यावरच्या लाल्यानं माझ्या पोटरीत दात रोवले, तेव्हा मला हे सगळं जवळून पाहायला मिळालं. लाल्या कुणाचा, हा प्रश्न तोवर कुणाला पडला नव्हता. सगळे त्याला बिस्किट टाकायचे. माझ्या पोटरीतून रक्त येताच तो एकदम कुणाचाच उरला नाही.

"तिखट भर त्यात, तिखट," एक आवाज आला.

"तिखट नाई, चुना. पानठेल्यावर चुना तर हाय."

शेजारच्या गावात एक बुवा कुत्र्याचा उतारा करतो, फक्त त्याच्याकडे जाताना मागं वळून पाहायचं नाही, अशीही माहिती मिळाली. काकाजी पुढे झाले. काकाजी सावंगीवाले. "काहून वेळ घालवून राहिले? सावंगीले नेजा त्याले थेट!" लगेच एक सेवाग्रामवाला उठला. रक्त माझं वाहत होतं आणि जिल्हा वर्ध्याचा पेटला होता.

तेवढ्यात आमच्या आशाताई आल्या. पोलिओच्या यादीचं रजिस्टर काखेत, चप्पल एका बाजूला झिजलेली. त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. "साबण आणा. अन् भाऊ, तुम्ही हापशीवर चाला."

कुत्रं चावलं की पहिलं काम कुठल्याच दवाखान्यात होत नाही, ते हापशीवर होतं, हे गावाला तिथं कळलं. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, १५ मिनिटं. कपड्याच्या साबणाची अर्धी निळी वडी सापडली. एक पोट्टा दांडा हाणायला लागला, दुसऱ्यानं मोबाइलवर घड्याळ लावलं, आणि मी कठड्याला धरून बगळ्याचं आसन घेतलं. पहिल्या दोन मिनिटांत गंमत होती. पाचव्या मिनिटाला पोट्टा दमला, त्याचा भाऊ आला. फेस नालीतून वाहत चालला होता आणि एक कोंबडी त्यात चोच घालून पाहत होती. दर मिनिटाला कुणीतरी म्हणायचं, "झालं आता, निघालं सारं." आशाताई म्हणायच्या, "नाई झालं." आयुष्यात माझा कुठलाच अवयव इतका स्वच्छ झाला नसेल.

उपकेंद्रात कुत्रं चावल्यावरची, म्हणजे रेबीजची लस नव्हती. तिथून पुढं आरोग्य केंद्रात जायचं, एवढं कळलं. काकाजींनी फर्मावलं, "एकशे आठले फोन लावा." आशाताईंनी सांगितलं, की १०८ ही जिवावरच्या प्रसंगासाठी, १०२ बाळंतिणींसाठी आणि तान्ह्या लेकरांसाठी, आणि १०४ वर नुसतं विचारता येतं. "भाऊ गाडीवर बसू शकतेत. उगाच कोणाची एकशे आठ अडवू नका." काकाजींचा समज असा होता, की आकडा जितका मोठा तितकी गाडी मोठी. शेवटी पुतण्याच्या मोटरसायकलवर बसून निघालो. मागं काकाजीही बसले. तिसरा माणूस लागतोच, पेशंटला आधार म्हणून. प्रत्यक्षात त्यांचा गुडघा सारखा माझ्या जखमेला आधार देत होता.

वाटेत काकाजींनी पोटातल्या १४ सुयांचं वर्णन केलं. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्याकडे बंद होऊन दोन दशकं झाली, पण काकाजींच्या बोलण्यात ती अजून ताजी आहे. गावात पोचलेली कुठलीही भीती सहसा परत जात नाही.

आरोग्य केंद्रात काकाजींनी केसपेपरसाठी दहाची नोट काढून धरली. खिडकीतल्या माणसानं ती परत केली. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून पैसे लागत नाहीत. काकाजींचा चेहरा पडला. फुकटच्या औषधाला गुण नसतो, असं त्यांचं मत आहे.

सिस्टरनं नाव, वय विचारलं आणि मग, "कुत्रं कोणाचं?"

"गावाचं," काकाजी म्हणाले.

"जिवंत आहे?"

"मघाशी होतं."

मला दोन्ही दंडांवर कातडीत इवल्या इवल्या सुया मिळाल्या. पोटाला कुणी हातही लावला नाही, त्यामुळे काकाजी काहीसे नाराज झाले. डॉक्टरांनी पोटरी पाहिली. दात आत गेलेत, रक्त आलंय, म्हणजे तिसरा प्रकार. नुसती लस पुरत नाही, जखमेत सीरम, म्हणजे रेबीजच्या विषाणूला तिथंच अडवणारं औषध द्यावं लागेल, ते ग्रामीण रुग्णालयात मिळेल. चिठ्ठी दिली. टाका घालू नका, पट्टी आवळू नका, हेही सांगितलं.

तोवर मावसभावाचा फोन आला होता. "पाच लाखाचं कार्ड हाय ना तुह्याजवळ? मंग प्रायव्हेटले भरती होऊन जा!" ते आयुष्मान कार्ड योजनेतल्या दवाखान्यात, यादीतल्या आजारासाठी, तिथं योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला दाखवून चालतं, कुत्र्याच्या लसीसाठी ते बाहेर काढायची गरज नसते. पण कार्ड निघाल्यापासून मावसभाऊ एखाद्या मोठ्या आजाराच्या शोधात आहे. त्याला वाईट वाटलं.

ग्रामीण रुग्णालयात सीरम दंडात देतील असं मला वाटलं होतं. ते जखमेत देतात. प्रत्येक दाताच्या खुणेभोवती, सावकाश. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाय सैल सोडा." पाय सैल सोडायची आज्ञा पाळता यावी म्हणून मी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाची पानं मोजायला लागलो आणि काकाजी माझ्या आधी खुर्चीवर आडवे झाले. त्यांना पाणी पाजण्यात सिस्टरचा बराच वेळ गेला.

खरा ताप पुढे होता. "कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवा, पण लस त्याच्यावर अवलंबून ठेवू नका," एवढं साधं वाक्य होतं. गावानं त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा उचलला. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहीना. लाल्याला सकाळी दूध, दुपारी पोळी. वेचणीहून परतणाऱ्या बायका वाट वाकडी करून त्याला पाहून जायच्या. मी लंगडत दिसलो की लोक विचारायचे, "कुत्रं बरं आहे ना?" एकदा लाल्यानं पोळी नाकारली तर माझ्या घरी माणसं गोळा झाली. नंतर कळलं, त्या दिवशी गावात तेरवी होती आणि त्याचं पोट आधीच भरलेलं होतं.

लसीच्या तारखा तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. लसीची कुपी एकदा तयार केली की काही तासांत संपवावी लागते आणि एका कुपीत बऱ्याच जणांचं भागतं, म्हणून सिस्टर कुत्रं चावलेल्यांची पंगत बसवत. "अजून दोघं येऊ द्या," असं त्या म्हणाल्या की बाकावरचे आम्ही सगळे आशेनं रस्त्याकडे पाहायचो, की एखादा तरी लंगडत येईल. अठ्ठावीसचा आकडा घरात कुणालाच आठवला नसता. आशाताई त्या सकाळी रजिस्टर घेऊन दारात होत्या. चप्पल तीच.

काकाजी अलीकडे गप्प गप्प असतात. परवा पानठेल्यावर दिसले तेव्हा डावा गाल टम्म फुगलेला होता आणि तोंडात लवंग होती.

"सावंगीले दातायचं कॉलेजच हाय ना, काकाजी," मी म्हटलं.

"हाय ना," लवंग इकडची तिकडं सरकवत काकाजी म्हणाले, "पण एवढ्याशासाठी कोण जाते तितलं दूर!"