आयर्विनला किती?

जुलै लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो: ‘आयर्विनला किती?’ आयर्विन म्हणजे आमचा सांगलीचा कृष्णेवरचा पूल, आणि किती म्हणजे पाणी किती फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. यंदा आकड्यापाठोपाठ चुलतदादानं फर्मान काढलं: कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाची उंची वाढू द्यायची नाही आणि नदीला दोन्ही काठांनी भिंत घालायची, मग बघू कृष्णामाई मारुती चौकात कशी येते ते. खाली अंगठ्यांची रांग.

मी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला अर्बन डिझाइन शिकवते. नदीला भिंतीत कोंडू नका, हे सांगायचाच मला पगार मिळतो म्हणा ना. त्यामुळे अंगठ्याऐवजी भलामोठा परिच्छेद टाकला. १९९५ मध्ये इथे पुराच्या भीतीनं अडीच लाख माणसं हलवावी लागली. बांध टिकले, तरीही नाइमेखन शहरासमोर लेंट गावचा बांध ३५० मीटर मागे घेतला, पन्नासेक घरं उठवली आणि वाल नदीला दुसरी वाट खोदून दिली. आणि आपण? ओढे बुजवून गुंठेवारी केली. सांगलीतल्या शामरावनगरात तुंबतं ते पाणी काही कर्नाटकातून येत नाही, असं शेवटी ठोकून दिलं. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

दादाचा व्हॉइस मेसेज आला. “अगं, तू समुद्राच्या खाली, बांधाच्या आडोशाला झोपतीस, आणि आम्हाला भिंत नको म्हणतीस व्हय?”

आता काय बोलायचं? मी रॉटरडॅमच्या प्रिन्स अलेक्झांडरमध्ये राहते, तो भाग समुद्रसपाटीच्या खालीच आहे. वॉटरस्खापचं, म्हणजे बांध आणि पाणी सांभाळणाऱ्या इथल्या मंडळाचं बिल दरवर्षी न वाचता भरते. माझ्या स्लाइडवर लेंट असतं, समुद्राचं उधाण अडवणारा मास्लांटचा दरवाजा नसतो. ज्या घरांना उठवलं त्यांनी किती वर्षं विरोध केला, तेही एका ओळीत उरकते. वर्गात कुणी खोदून विचारत नाही, दादानं विचारलं.

पण म्हणून त्याचं सगळं बरोबर, असं मी अजूनही म्हणणार नाही. निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये नियंत्रित, हे नकाशावर स्वच्छ लिहिलेलं असतं. तरी आपल्याकडे प्लॉट घेताना पहिला प्रश्न ‘एनए आहे का’, आणि मुरूम किती टाकावा लागेल हा दुसरा. नदी कुठवर येते हे विचारायचं कुणी शिकवलंच नाही. आमच्या शिक्षणानंही नाही. पाच वर्षांच्या बी.आर्क.मध्ये सांगलीची पोरं थीसिसला मुंबईच्या समुद्रावर कन्व्हेन्शन सेंटर काढतात. मी तिकडे एका खाजगी कॉलेजात तासावर शिकवत होते, तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गावातले ओढे शोधून काढायला पाठवलं. महिनाअखेरीस मला बोलावून विचारलं गेलं, मॅडम, ज्युरीला शीटवर दाखवणार काय? बुजलेला ओढा दिसत नाही, ही अडचण मला तेव्हा मान्य करावी लागली. २००८ मध्ये मी इकडे आले. त्याच मे महिन्यात इथली आर्किटेक्चरची इमारत कॉफी मशीनमधल्या पाण्यामुळे शॉर्टसर्किट होऊन जळाली होती. पाण्यानं आग लागते हा माझा इथला पहिला धडा.

इथे मी स्टुडिओला सांगली दिली. बावीस विद्यार्थी; हळद त्यांनी फक्त बरणीत पाहिलेली. बहुतेकांनी तरंगता बाजार काढला. एका मुलीला मात्र हरिपूरची पेवं सापडली. जमिनीतल्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीचशी पेवं निकामी झाली, इतकं तिनं स्वतः शोधलं. मग मला विचारलं, “ज्यांची पेवं होती ते आता काय करतात?” मी म्हटलं, कोल्ड स्टोरेज आलं. ती म्हणाली, ते हळदीचं झालं. हरिपूर आमच्या घरापासून सायकलच्या टप्प्यात आहे. लहानपणी संगमावर जाऊन भेळ खायचो. पेववाल्याशी मी आयुष्यात बोललेली नाही.

त्या व्हॉइस मेसेजमध्येच दादा शेवटी सहज म्हणाला होता, “गाळ काढायला होतीस का?”

नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा मी इथे ट्राममध्ये उभी राहून फोन बघत होते. डिसेंबरात गेले, तोवर भिंतीवर फक्त ओल उरली होती. पण एक फोटो मी माझ्या स्लाइडला घेतला होता, दादानंच ग्रुपवर टाकलेला. गच्चीवर काकू, मांडीवर स्टीलचा डबा, बोटीची वाट बघत. तो फोटो माझ्या व्याख्यानांत सहा वर्षं फिरतोय. बढतीच्या अर्जाला जोडलेल्या सादरीकरणातही होता. खाली मी लिहिलं होतं: ‘एक रहिवासी, सांगली’. याच काकूच्या हातचं जेवून मी दहावी झाले. तिला विचारलं नव्हतं. तो फोटो वापरते हे ग्रुपवर कधी सांगितलंही नाही. दादाला कुठून कळलं, देव जाणे.

काल रात्री त्यानं पुलाचा ताजा फोटो पाठवला. पाणी गढूळ, कठड्याला टेकलेली माणसं. खाली दोन ओळी:

‘३८.

तुझ्या स्लाइडला घे. काकू यात नाही.’