चांगली सवय लागू नये म्हणून घ्यावयाची काळजी

वजन उतरवण्याचे इंजेक्शन सुरू केल्याबद्दल सर्वप्रथम आपले अभिनंदन. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो भारतात आले, जूनमध्ये वेगोव्ही आले, डिसेंबरात ओझेम्पिकही दाखल झाले. काही वर्षांपूर्वी ज्या पुण्यात दिवसातून दोनदाच जेवायचे की दर दोन तासांनी थोडेथोडे खायचे यावरून सख्खे साडू एकमेकांशी बोलेनासे झाले होते, त्याच पुण्यात आता आठवड्यातून एकदा पोटाला सुई टोचून तो वाद मिटवता येऊ लागला आहे. या प्रगतीत धोका एकच आहे. भूक शांत झालेल्या या काळात माणसाला नकळत एखादी चांगली सवय लागू शकते, आणि ती एकदा अंगवळणी पडली की इंजेक्शन थांबल्यावरही सुटता सुटत नाही. आपल्यावर तसा प्रसंग येऊ नये म्हणून, या विषयातला अकरा महिन्यांचा स्वानुभव गाठीशी असलेला मनुष्य या नात्याने, चार शब्द सांगतो.

आधी शत्रूचे स्वरूप नीट समजून घ्यावे. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे एक संप्रेरक स्रवते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देऊन काही मिनिटांत विरून जाते. निसर्गाने नेमलेला हा निरोप्या असा अल्पायुषी आहे म्हणूनच तिसरी पुरणपोळी ताटात पडते. वेगोव्ही आणि ओझेम्पिक यांच्यातले सेमाग्लुटाइड हे त्याच निरोप्याचे सोंग घेतलेले औषध असून ते आठवडाभर उंबऱ्यावरून हलत नाही. अन्न जठरात अधिक वेळ रेंगाळते, आणि दुपारी चार वाजता फरसाणाच्या डब्याकडून वर्षानुवर्षे येत असलेली हाक एके दिवशी ऐकूच येत नाही. माझ्या बाबतीत हे तिसऱ्या आठवड्यात घडले. डबा जागेवर होता, त्याचे झाकण नेहमीप्रमाणे तिरके लागलेले होते, मी त्याच्या शेजारच्या माठातले पाणी पिऊन परत आलो आणि दिवाणखान्यात बसल्यावर लक्षात आले की आज काहीतरी करायचे राहिले. चाळीस वर्षांत प्रथमच संध्याकाळचा एक तास रिकामा सापडला होता. अशा वेळी काही दुबळ्या मनाची माणसे पायांत बूट चढवून बाहेर पडतात. आपण तसे करू नये. मी तो तास, हेच इंजेक्शन घेणाऱ्या इतर लोकांचे व्हिडिओ पाहण्यात सत्कारणी लावला.

हा मोह एका दिवसाचा नसतो, हेही लक्षात ठेवावे. वेगोव्हीची सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमपासून होते आणि दर चार आठवड्यांनी एकेक पायरी चढत २.४ मिलिग्रॅमवर पोहोचेपर्यंत तब्बल १६ आठवडे जातात. भूक गप्प आहे, पोट हलके आहे, वजनकाटा दर सोमवारी शुभवार्ता देत आहे, आणि कोणतीही गोष्ट शिकायला यापेक्षा चांगला मुहूर्त पंचांगात काढूनही सापडणार नाही, असा हा काळ असतो. तो निर्विघ्नपणे वाया घालवण्याचा उत्तम उपाय म्हणजे प्रत्येक शहाणपणाची गोष्ट पुढच्या डोसवर ढकलणे. मळमळ थांबली की चालायला लागू, १ मिलिग्रॅमवर गेलो की जिमचे पाहू, पूर्ण डोस लागू पडला की झोपेची वेळ सुधारू. आमच्याकडे तोवर गणपती आले, मग दिवाळी आली, मग थंडी होती.

आता आहाराकडे वळू, कारण चुकून सुधारणा होण्याची सर्वाधिक शक्यता तिथेच असते. ताटात काय आहे हे न बदलता फक्त किती आहे हे बदलू द्यावे. भूक मंदावली की माणूस आधी काय टाकतो, याचे निरीक्षण मी एका रविवारी आपल्याच ताटावर केले. मटकीच्या उसळीची वाटी पुढे होती. दोन चमचे खाल्ले आणि पोट भरल्यासारखे वाटून ती मी अंगठ्याने हळूच ताटाबाहेर सरकवली. वरणाला हात लावला नाही. भाकरीचा चतकोर उरला. मग श्रीखंडाचे पातेले आले, आणि सौभाग्यवतींनी, ‘जेवला नाहीत काहीच, निदान एवढे तरी घ्या,’ म्हणून जे दोन चमचे वाढले, ते घशाखाली विनातक्रार उतरले. संध्याकाळी मळमळ नको म्हणून चहाबरोबर चार मारी बिस्किटे आणि रात्री साधा मऊ भात घेतला. दिवसाचे एकूण खाणे निम्म्यावर आले, वजनकाट्याने शाबासकी दिली, आणि त्या अख्ख्या दिवसात पोटात गेलेल्या प्रथिनांचे ग्रॅम मोजायला बसलो असतो तर दोन्ही हातांची बोटे थोडी कमी पडली असती इतकेच. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी तक्रार आपल्या वाडवडिलांनी केली. आपल्याजवळ दातही आहेत आणि चणेही आहेत, फक्त खायची इच्छा नाही, ही अवस्था त्यांच्या कल्पनेपलीकडची होती.

कोणी आहारतज्ज्ञ आपल्याला असे सांगू लागतील की थोडेच खाता येत असेल तर त्या थोड्यात डाळ, अंडी, पनीर, मासे, ताक आधी यायला हवे आणि भात-बिस्किटांची पाळी नंतर यावी. त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, फी द्यावी आणि कागद फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावून ठेवावा. मौंजारो भारतात आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती, म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. एवढा खर्च करणाऱ्या गृहस्थाने रोज दोन अंडी खाणे ही उधळपट्टी होय.

या बाबतीत पुण्यातल्याच एका डॉक्टरांनी फार वर्षांपूर्वी आपली पंचाईत करून ठेवली आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश स्नेही जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे एकत्र छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. आपण भारतीय माणसे दिसायला बारीक असलो तरी आतून मऊ असतो, स्नायू मुळातच बेताचे आणि चरबी मुबलक, असा त्याचा साधा अर्थ. वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, त्यामुळे ज्याची शिल्लकच तुटपुंजी त्याने ती जपावी, असा निष्कर्ष कोणीही काढील. आपण तो काढू नये. वजनकाट्यावर चरबी आणि स्नायू यांचे वेगवेगळे रकाने नसतात, ही त्या यंत्राची सभ्यता आहे. मला पाचव्या महिन्यात गॅसचा सिलिंडर दारापासून ओट्यापर्यंत सरकवता येईना, तेव्हा मी एजन्सीच्या पोऱ्याला सांगितले की हल्ली सिलिंडर जड येऊ लागले आहेत.

व्यायामाविषयी फार लिहीत नाही, कारण मी तो फार केलेला नाही. जिमची वार्षिक फी एकदम भरावी, म्हणजे सवलत मिळते आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधानही मिळते. ट्रेनरने वजने उचलायला सांगितली तर, ‘आमचे वजन कमी करायचे आहे, वाढवायचे नाही,’ हा विनोद करावा. तो त्याने आधी ऐकलेला असतो. पावले मोजणारा फोन खिशात ठेवून गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसावे. माझा फोन झोपाळ्याचे झोकेसुद्धा पावले म्हणून मोजत असे, आणि तुळशीच्या लग्नाच्या दिवशी त्याने माझे दहा हजार पूर्ण झाल्याचे जाहीर केले.

खरी सावधगिरी बाळगायची ती लोकांसमोर. ‘केवढे उतरलात हो!’ असे कोणी म्हणाले की ताकाला जाऊन भांडे लपवण्याची आपली प्राचीन परंपरा पाळावी आणि कोमट पाण्यात लिंबू-मध, रात्री लवकर जेवण आणि पहाटेचे चालणे, हे त्रिकूट सांगावे. इंजेक्शनच्या पेनाचा डबा फ्रीजमध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवावा लागतो, म्हणून तो कोथिंबिरीच्या डब्यामागे ठेवावा. पाहुणा सरबतासाठी बर्फ काढायला गेला तरी तिथे पोहोचत नाही. परंतु थाप बेताने मारावी. मी सोसायटीच्या सभेत पहाटेच्या चालण्याचे वर्णन थोडे रंगवून केले, त्यात उगवतीचे रंग आणि कोकिळाही घातली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला तळमजल्यावरचे नाना कानटोपी घालून दारात उभे राहिले. सत्तरी उलटलेला माणूस, हातात काठी. ‘चला, तुमच्याबरोबर निघतो, एकट्याने कंटाळा येतो.’ मी गुडघ्यावर हात ठेवला. नाना एकटेच गेले, आणि गुडघा दुखतो म्हणून माझ्यासाठी परतताना तेलाची बाटली घेऊन आले. नाना अजूनही रोज जातात. माझ्या खोट्याने त्यांना लागलेली ही सवय या संपूर्ण उपचाराचे एकमेव टिकाऊ फलित आहे.

डॉक्टरांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. पित्ताशयाचे खडे, स्वादुपिंडाची सूज, घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग होता का, असले अपशकुनी प्रश्न ते विचारतात आणि तपासण्या सांगतात. मेहुण्याच्या मित्राकडून पेन मिळत असेल तर या प्रश्नांपासून सुटका होते. ती सुटका मी घेतली नाही, कारण मी भित्रा आहे.

शिस्तीचे पुरस्कर्ते आपल्याला भेटतीलच. ‘आमच्या वेळी तोंडाला लगाम घालायचो, सुया कशाला हव्यात,’ असे ते जिलबी मोडता मोडता म्हणतात. त्यांच्याशी वाद घालायचा झाल्यास एक आकडा जवळ ठेवावा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,९६१ लोकांवरच्या प्रयोगात सर्वांनाच रोज ५०० कॅलरी कमी खाण्याचा आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचालीचा सल्ला दिला होता. ६८ आठवड्यांनी ज्यांना त्या सल्ल्याबरोबर खोटे इंजेक्शन मिळाले त्यांचे वजन सरासरी २.४ टक्के उतरले, आणि ज्यांना खरे सेमाग्लुटाइड मिळाले त्यांचे १४.९ टक्के. नुसत्या लगामाची किंमत त्यावरून कळते. मात्र हा आकडा सांगताना, खऱ्या औषधवाल्यांनाही तोच सल्ला आणि तीच १५० मिनिटे होती, हा भाग गाळावा. मी नेहमी गाळतो.

शेवटचा टप्पा म्हणजे इंजेक्शन थांबवणे. ते डॉक्टरांना न विचारता, ठरवलेला आकडा काट्यावर दिसला त्याच दिवशी, एखाद्या विजयी सेनापतीच्या थाटात थांबवावे. या औषधकुळाचा मूळपुरुष ॲरिझोनाच्या वाळवंटातला गिला मॉन्स्टर हा विषारी सरडा आहे. त्याच्या विषात अमेरिकी संशोधक डॉ. जॉन इंग यांना १९९० च्या दशकाच्या आरंभी जीएलपी-१ सारखे काम करणारा, पण लवकर न विरणारा रेणू सापडला, आणि त्यावरून बेतलेले पहिले औषध २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मान्य झाले. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. वर सांगितलेल्या प्रयोगातल्या काही मंडळींचे औषधही थांबले आणि सल्लाही थांबला, तेव्हा वर्षभरात त्यांनी गमावलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत मिळवले. ये रे माझ्या मागल्या. याउलट कोपनहेगनच्या संशोधकांनी याच कुळातल्या लिराग्लुटाइडबरोबर वर्षभर काही जणांकडून नेमाने व्यायाम करून घेतला होता, आणि दोन्ही थांबल्याच्या वर्षभरानंतर, नुसते औषध घेतलेल्यांपेक्षा या मंडळींनी वजन अधिक चांगले राखलेले आढळले. सायकल मारायची खोड काहींची गेली नसावी. हा अभ्यास घरात कोणाच्या हाती लागू देऊ नये.

मी थांबलो तेव्हा १४ किलो उतरलो होतो. पट्टा ढिला होत गेला तसतशी मी चौकातल्या मोच्याकडून त्याला एकेक करून तीन नवी भोके पाडून घेतली होती, आणि तिसऱ्या वेळी त्याने माझ्याकडे कौतुकाने पाहून पैसे घेतले नव्हते. पाचव्या आठवड्यात फरसाणाच्या डब्याने पुन्हा हाक मारली. आवाज पूर्वीपेक्षा मोठा होता. संध्याकाळचा तो रिकामा तास मी व्हिडिओंशिवाय दुसऱ्या कशालाच दिलेला नसल्यामुळे तो डब्याला परत मिळाला. तीन भोके एकामागून एक मागे पडली, मग पट्ट्याची मूळची भोकेही संपली, तेव्हा मी परत त्या मोच्याकडे गेलो. त्याने पट्टा उलटसुलट करून पाहिला, माझ्या पोटाकडे पाहिले आणि आरीऐवजी पेटीतून चामड्याचा एक तुकडा काढला. ‘भोकं काही बुजत नाहीत, साहेब,’ तो म्हणाला, ‘पण हा तुकडा जोडून देतो. रंग थोडा वेगळा दिसेल.’