‘प्रीपोन’ चुकीचं नाही

ठरलेली गोष्ट अलीकडे घेणे म्हणजे ‘प्रीपोन’ करणे. इंग्रजी सुधारण्याच्या नावाखाली या शब्दाबद्दल एक मेसेज वारंवार फिरतो: ‘प्रीपोन असा शब्दच इंग्रजीत नाही. भारतीयांनी पोस्टपोनवरून तो चुकीचा बनवला. त्याऐवजी ॲडव्हान्स किंवा ब्रिंग फॉरवर्ड म्हणा.’ असल्या मेसेजच्या जोरावर ऑफिसात चारचौघांसमोर एखाद्याला खजील केलं जातं, याची मला खरंच चीड येते.

शब्दच नाही म्हणावं, तर ऑक्सफर्डच्या कोशात तो आहे.

भारतीयांनी बनवला? त्याच कोशातला जुना दाखला १५४९ सालचा, रॉबर्ट क्रॉली या इंग्रजाचा. तिथे अर्थ ‘समोर ठेवणे’ असा आहे, म्हणून तो बाजूला ठेवू. पण १९१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सला आलेल्या एका पत्रात, पोस्टपोनला जोड हवी म्हणून, मुख्यतः वकिलांच्या सोयीसाठी, हा शब्द आजच्याच अर्थाने सुचवला होता. तिकडे तो रुजला नाही, आपल्याकडे रुजला.

घडण चुकीची? लॅटिनमध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘प्रे’ म्हणजे आधी किंवा पुढे. ‘प्रेपोनेरे’ हे क्रियापद लॅटिनमध्ये होतंच. शाळेत शिकलेलं ‘प्रिपोझिशन’ त्यातूनच आलं.

राहिला पर्यायाचा मुद्दा, आणि मेसेज सगळ्यात जास्त फसतो तो इथेच. ‘बुधवारची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड केली’ या अर्थाचं वाक्य देऊन ती आता कधी, असं मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी भाषकांनाच विचारलं. काहींनी सोमवार सांगितला, काहींनी शुक्रवार. मराठी माणसाची पंचाईत तर आणखी मोठी. आपण तारीख ‘पुढे ढकलतो’ तेव्हा ती उशिरा येते आणि लवकर हवी असेल तर ‘अलीकडे’ घेतो. इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे नेमकं अलीकडे घेणं! शब्दशः ऐकणारा उलट्याच दिवशी पोचेल. ‘ॲडव्हान्स’ बरोबर आहे, पण ते उधारीपासून आगेकूचीपर्यंत दहा कामं करतं. ‘प्रीपोन’चा अर्थ एकच.

एक गोष्ट मात्र खरी. बहुतेक कोश या शब्दावर ‘भारतीय इंग्रजी’ अशी खूण करतात आणि लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकाला तो अडखळवू शकतो. तिकडे मेल पाठवताना नवा वार आणि वेळ सरळ लिहावी. पुण्या-मुंबईतल्या सहकाऱ्यांना मीटिंग प्रीपोन झाल्याचं बिनधास्त कळवा.