खुनी नंतर, आधी घोडा बघ

बंड्याने वैतागून जाहीर केलं, की तुर्की लेखक ओरहान पामुकची 'माय नेम इज रेड' ही कादंबरी तो अर्ध्यावर सोडतोय.

"सुरुवातीलाच विहिरीतलं प्रेत स्वतःच्या खुनाबद्दल बोलायला लागतं. म्हटलं, वा! पुढे बघतो तर कुत्रा बोलतो, झाड बोलतं, नाणं बोलतं, लाल रंगसुद्धा सोडला नाही! तपास कुठाय? पानंच्या पानं अफगाणिस्तानातल्या हेरातच्या जुन्या चित्रकारांचं गुऱ्हाळ. भाषांतरात माती झाली असणार."

"भाषांतरावर खापर फोडू नकोस," नीलाताई म्हणाली. "1998 साली तुर्कीतही कुत्रा बोलतच होता. एर्दाग गोकनारने इंग्रजीत आणलं म्हणून आपण वाचतोय. त्याच पुस्तकाला 2003 मध्ये डब्लिनचं 1 लाख युरोंचं पारितोषिक मिळालं, त्यातले 25 हजार भाषांतरकाराचे."

"पैसे मिळाले म्हणून मला समजलं का?"

हे मात्र खरं. पण अण्णा आता सुटले होते.

"अरे, 1591 चं इस्तंबूल. सुलतानासाठी गुपचूप एक ग्रंथ चाललाय, त्यातली चित्रं व्हेनिसच्या धाटणीची. संशय तीन चित्रकारांवर. त्यांच्या परंपरेत स्वतःची शैली दिसणं म्हणजे खोट. उस्तादाचा घोडा जसाच्या तसा काढायचा, सहीबिही नाही. म्हणजे खुन्याला लपायला याहून बरी जागा नाही. तुला जे गुऱ्हाळ वाटतंय ना, तोच तपास आहे."

"आणि खुनी दोनदा बोलतो," नीलाताई म्हणाली. "एकदा आपल्या टोपणनावाने, एकदा नुसता खुनी म्हणून. वर तोंडावर सांगतो, बोलण्यावरून ओळखा मला. आता गोकनारची गोची बघ. दोन्ही आवाज जुळले तर खुनी लगेच सापडला, अगदीच वेगळे झाले तर वाचकाची फसवणूक."

मला विचाराल तर सगळ्या चर्चेत हाच मुद्दा लाखाचा.

बंड्या हटेना. "रहस्य सोडवायला चित्रकलेची शिकवणी लावावी लागणार असेल, तर ते रहस्य कसलं? मी झोपण्याआधी वाचतो रे, परीक्षेला नाही."

"शिकवणी नको," नीलाताई म्हणाली. "प्रकरणाच्या मथळ्यातच कोण बोलतंय ते दिलंय. शेवटी सनावळी आहे, ती आधी चाळ. नावांचा गोंधळ झाला तर तिघा चित्रकारांची प्रकरणं खुन्याच्या प्रकरणांशेजारी ठेवून वाच."

"मग मी फक्त खुन्याचीच वाचतो!"

अण्णा भडकले. "आणि प्रेताच्या अंगावर सापडलेली घोड्यांची चित्रं? त्या घोड्याच्या नाकपुड्या..."

"अण्णा!" नीलाताई ओरडली.

"काय नाकपुड्या?" बंड्याने विचारलं. कोणी सांगेना.

"कुठलं प्रकरण, एवढं तरी सांगा."

तेही कोणी सांगितलं नाही.