आधी पडद्याचे माप घ्यावे

युद्धावर चित्र काढण्याचा, पोवाडा रचण्याचा किंवा गेला बाजार एखादे शिल्प घडवण्याचा आपला निश्चय पक्का झाला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. विषय उत्तम निवडलात. या मालाचा पुरवठा गेल्या काही हजार वर्षांत कधी खंडित झाल्याचे ऐकिवात नाही. मात्र धंद्यात पडण्यापूर्वी पूर्वसूरींच्या कामाचे पुढे काय झाले, हे पाहून घेतलेले बरे. कारण हात कितीही चांगला असला तरी गिऱ्हाईक ओळखता आले नाही, तर सगळे मुसळ केरात जाते.

गिऱ्हाईक म्हणजे अर्थातच जिंकलेला. हरलेल्याकडे बिदागीला पैसे नसतात आणि बहुधा डोकेही जागेवर नसते. जिंकलेल्याला काय आवडते, ते रोममधल्या ट्राजन सम्राटाच्या स्तंभावरून शिकावे. आजच्या रुमानियात मोडणाऱ्या डेशियावरील दोन मोहिमांची हकिगत सांगणारी, उलगडली तर सुमारे २०० मीटर भरेल अशी शिल्पपट्टी इ.स. ११३ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या संगमरवरी स्तंभाभोवती वेटोळे घेत वर जाते. तीत अडीच हजारांच्या आसपास आकृती आहेत आणि खुद्द सम्राट पन्नासहून अधिक वेळा दर्शन देतो. मरून पडलेले डेशियन जागोजागी आहेत. मेलेला रोमन मात्र शोधूनही सापडत नाही. एका ठिकाणी जखमी सैनिकाच्या मांडीला पट्टी बांधणे चालले आहे, तेवढीच काय ती साम्राज्याची हानी. शिवाय ही पट्टी इतकी उंच जाते, की खाली उभ्या असलेल्या माणसाला वरची वेटोळी नुसत्या डोळ्यांनी लागतच नाहीत. प्रजेने मान वर केली, एवढ्यावर काम भागते.

खरे सांगितल्यावाचून आपल्याला राहवतच नसेल, तर ते काठावर सांगावे. इ.स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, त्याची कथा सांगणारे सुमारे ७० मीटर लांबीचे भरतकाम फ्रान्समधल्या बायो गावाच्या नावाने प्रसिद्ध आहे. मधल्या रुंद पट्ट्यात घोडे उधळतात, भाले फेकले जातात आणि ज्याने हे काम करवून घेतले असे बहुतेक अभ्यासक मानतात, तो विल्यमचा सावत्र भाऊ बिशप ओडो सोटा उगारून सैनिकांना धीर देतो. खालच्या अरुंद काठात मात्र मुंडकी उडालेली धडे पडली आहेत आणि काही व्यवहारी माणसे प्रेतांच्या डोक्यावरून चिलखते ओढून काढीत आहेत. बिशपसाहेबांना वर आपली छबी दिसली, म्हणून खाली पाहण्याची गरज वाटली नसावी. आपल्याकडे साडीचा काठच आधी पाहतात, त्यामुळे ही युक्ती महाराष्ट्रात कितपत चालेल याविषयी मला शंका आहे.

आपल्याकडच्या पाथरवटांनी निराळा तोडगा काढला होता. वीरगळ पाहिला असेलच. सर्वांत खाली लढाई, त्यावर अप्सरांच्या खांद्यांवरून चाललेला वीर, त्याच्यावर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. मरण आणि स्वर्ग यांच्यामध्ये दगडाची एक आडवी पट्टी, बस्स. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ गलबतेही कोरली आहेत. तिथेही वरच्या कप्प्यांत पोहोचल्यावर कोणी ओले दिसत नाही. मागे राहिलेल्या बाईचा प्रश्न आला की सतीशिळा उभी करीत. तीवर अनेकदा बाई नसतेच. कोपरात वाकलेला, चुडा भरलेला एक हात तेवढा असतो. जागेची इतकी बचत मी दुसऱ्या कोणत्याही कलेत पाहिलेली नाही. मी पाहिलेल्या एका वीरगळावर गावातल्या बाया कपडे धूत होत्या. मधल्या कप्प्यातल्या अप्सरांची नाके साबणाने पार झिजून गेली होती.

परंतु या व्यवसायातला खरा गुरू म्हणजे स्पेनचा चित्रकार गोया. १८०८ मध्ये फ्रेंचांनी स्पेन घेतला आणि नेपोलियनचा भाऊ जोसेफ गादीवर बसला. माद्रिदच्या नगरपालिकेला नव्या राजाचे चित्र हवे होते. गोयाने १८१० मध्ये नगरीचे प्रतीक म्हणून एक देखणी स्त्री रंगवली, आणि ती ज्याच्याकडे बोट दाखवते आहे त्या, देवदूतांनी धरलेल्या लंबगोलात जोसेफचा चेहरा बसवला. दोन वर्षांनी फ्रेंचांना माद्रिद सोडावे लागले, तेव्हा चेहरा पुसून तिथे ‘संविधान’ असा शब्द आला. फ्रेंच परतले आणि चेहराही परतला. ते पुन्हा गेले, पुन्हा शब्द आला. मग जुना राजा फर्डिनांड आला, त्याने संविधान मोडीत काढले आणि लंबगोलात स्वतः विराजमान झाला. अशी अनेक स्थित्यंतरे होऊन आज तिथे ‘दोन मे’ अशी अक्षरे आहेत, म्हणजे माद्रिदची जनता ज्या दिवशी याच फ्रेंचांविरुद्ध उठली ती तारीख. या सगळ्या काळात त्या बाईचे बोट तसूभरही हललेले नाही. तेव्हा लंबगोल मोकळा ठेवावा, भोवतीचे देवदूत मन लावून रंगवावेत. चौकातले फ्लेक्स लावणारी आपली मंडळी हे तत्त्व गोयाचे नावही न ऐकता पाळतात.

याच गोयाने खासगीत काय केले, त्याचे मात्र अनुकरण करू नये. त्याच काळात त्याने तांब्याच्या ८२ पत्र्यांवर झाडाला अडकवलेली धडे, अन्नावाचून रस्त्यात कोसळलेली माणसे आणि गाव सोडून पळणाऱ्या आया कोरून काढल्या. एका चित्राखाली ‘मी हे पाहिले’ असे लिहिले, दुसऱ्याखाली ‘पाहवत नाही’. ही मालिका छापून निघाली १८६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी. इतकी उधारी कोणत्याही धंद्याला परवडत नाही.

रशियाचा वेरेश्चागिन याहून अव्यवहारी. त्याने मध्य आशियातल्या तुर्कस्तानच्या मोहिमेत स्वतः बंदूक चालवली, पदक मिळवले आणि मग कवट्यांच्या ढिगाचे चित्र काढून ते भूत, वर्तमान व भविष्यातील सर्व थोर विजेत्यांना अर्पण केले. १८७४ मध्ये पीटर्सबर्गच्या प्रदर्शनात त्याने आणखी एक चित्र ठेवले होते. माळावर मागे टाकलेला एक मेलेला शिपाई आणि त्याच्याकडे येणारे पक्षी, एवढेच त्यात होते. आमचे सैन्य मेलेल्यांना मागे टाकत नाही, असा सेनापतींनी आक्षेप घेतला. चित्रकाराने संतापून ते व आणखी दोन चित्रे स्वतःच जाळून टाकली; सरकारला काडेपेटीचाही खर्च आला नाही. बंगालचे चित्रकार चित्तप्रसाद यांनी एवढी सोय ठेवली नाही. १९४३ मध्ये महायुद्धाच्या धामधुमीत पडलेल्या बंगालच्या दुष्काळातली हाडे त्यांनी शाईने रेखून पुस्तिका काढली, आणि तिच्या प्रती जप्त करून नष्ट करण्याचा व्याप ब्रिटिश सरकारला आपल्या खर्चाने करावा लागला.

जाळणे आता मागास समजतात. सुधारलेली पद्धत पडद्याची आहे. पहिल्या महायुद्धात मशीनगन चालवून आलेल्या जर्मन चित्रकार ओटो डिक्सने खंदकातल्या सडलेल्या देहांचे एक भले मोठे चित्र रंगवले. कलोनच्या संग्रहालयाने ते १९२३ मध्ये घेतले आणि पडद्याआड टांगले, म्हणजे ज्याला ओकारी हवी असेल त्याने पडदा सारून पाहावे. ओरड इतकी झाली, की महापौर आडेनावर यांनी दोन वर्षांनी तो सौदाच रद्द करविला. पुढे नाझींनी ते ‘अधःपतित कले’च्या प्रदर्शनात मांडले, आणि त्यानंतर चित्राचा पत्ता नाही.

न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर पिकासोच्या ‘गेर्निका’वरून विणलेली भिंतभर टॅपेस्ट्री आहे. २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी स्पेनमधल्या गेर्निका या गावावर बॉम्ब टाकले होते. चित्रात मेलेले मूल हातांवर घेतलेली आई तोंड वर करून ओरडते आहे, घोडा ओरडतो आहे. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री इराकवरील युद्धाची बाजू मांडायला आले, तेव्हा त्या टॅपेस्ट्रीवर निळे कापड सोडलेले होते आणि पुढे झेंडे उभे होते. टीव्हीच्या कॅमेऱ्यांना मागे निळा रंग बरा दिसतो, असे कारण सांगण्यात आले. खरेच बरा दिसतो.

म्हणून ब्रश हातात घेण्याआधी शिंप्याकडे जाऊन यावे. पिकासोचे मूळ चित्र ३.४९ मीटर उंच आणि ७.७७ मीटर रुंद आहे. आपलेही तेवढेच व्हायचे असेल, तर कापड निळेच घ्यावे, आणि चुण्यांसाठी व शिलाईसाठी दोन्ही बाजूंना वीतभर जास्त धरावे.